२२ कंपन्यांचे शेअर असूनही पोर्टफोलिओ एकदमच का घसरतो? सहसंबंध, विविधीकरण आणि जोखीम

मुळामुठा :

शेअर बाजारात पैसे गुंतवताना सगळी रक्कम एकाच कंपनीत ठेवू नये, हा सल्ला सर्वांनाच मिळतो. मात्र निवडलेल्या कंपन्या एकमेकींपेक्षा नेमक्या कशाने वेगळ्या असायला हव्यात, याची चर्चा फार कमी वाचायला मिळते, म्हणून हा धागा काढत आहे.

मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि माझ्याकडे २२ कंपन्यांचे शेअर आहेत. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, अ‍ॅक्सिस, कोटक आणि स्टेट बँक या पाच बँका, बजाज फायनान्स आणि गृहकर्ज देणारी एक कंपनी, त्यानंतर टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, एलटीआयमाइंडट्री आणि पर्सिस्टंट. या १२ कंपन्यांत मिळून रकमेच्या हिशेबाने जवळपास दोन तृतीयांश पैसा आहे. उरलेल्या दहांत टाटा मोटर्स, मारुती, लार्सन अँड टुब्रो, अल्ट्राटेक, रिलायन्स, हिंदुस्थान युनिलिव्हर, आयटीसी, सन फार्मा, एशियन पेंट्स आणि टायटन आहेत. इतके असूनही निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) दोन टक्के पडला की माझा पोर्टफोलिओही, म्हणजे सगळ्या शेअरांची मिळून किंमतही, तितकीच पडते.

गेल्या तीन वर्षांचे महिनाअखेरचे भाव घेऊन मी एक्सेलमध्ये या सर्व कंपन्यांच्या आपापसातील सहसंबंधाचा, म्हणजे कोरिलेशनचा, तक्ता तयार केला आहे. बँकांचे आपापसातील आकडे अपेक्षेप्रमाणे मोठे आले आणि औषध कंपनीचे इतरांशी असलेले आकडे लहान आले. आता या तक्त्याचे करायचे काय? त्यावर विसंबून काय विकावे आणि काय घ्यावे, हे ठरवता येते का? आणि सामान्य गुंतवणूकदाराला मुळात किती कंपन्या पुरेशा असतात?

आकडेमोड :

प्रश्न चांगला मांडला आहे. आधी पाया स्पष्ट करतो, कारण पुढची चर्चा त्यावरच उभी राहील.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली दाखवून दिले की पोर्टफोलिओची जोखीम म्हणजे त्यातल्या शेअरांच्या जोखमीची सरासरी नव्हे. ते शेअर एकमेकांबरोबर किती हलतात, यावर ती ठरते. या कामाबद्दल त्यांना १९९० मध्ये मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सहसंबंधाचा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो: अधिक १ म्हणजे दोन्ही शेअर नेमके एकत्र हलतात, शून्य म्हणजे संबंध नाही आणि उणे १ म्हणजे नेमके उलट हलतात. समजा, दोन शेअर आहेत, दोघांचाही वार्षिक चढउतार (परतावा आपल्या सरासरीपासून साधारण किती हलतो, ते माप) ३० टक्के आहे आणि रक्कम निम्मी निम्मी गुंतवली आहे. सहसंबंध १ असेल तर एकत्रित चढउतार ३० टक्केच राहतो. तो ०.५ असेल तर २६ टक्क्यांवर येतो, शून्य असेल तर सुमारे २१ टक्क्यांवर, आणि उणे १ असेल तर चढउतार उरतच नाही. प्रत्यक्षात भारतीय शेअरांच्या जोड्यांत उणे १ सोडाच, ठळक ऋण आकडाही टिकून राहिलेला क्वचितच सापडतो, कारण सर्वांवर बाजाराचा एक समान ओढा असतोच.

आता कंपन्यांच्या संख्येकडे वळू. प्रत्येक शेअरचा चढउतार ३० टक्के आणि जोड्यांचा सरासरी सहसंबंध ०.४ धरला, तर समान रक्कम असलेल्या ५ कंपन्यांचा चढउतार सुमारे २१.६ टक्के, १० कंपन्यांचा २०.३ आणि ३० कंपन्यांचा १९.४ टक्के येतो. अगणित कंपन्या घेतल्या तरी तो १९ टक्क्यांच्या खाली जात नाही. म्हणजे पहिल्या आठदहा कंपन्यांत बहुतेक फायदा मिळून जातो. त्यापुढे संख्या वाढवण्यापेक्षा सरासरी सहसंबंध कमी करण्याला अधिक महत्त्व आहे.

ठेवपावती :

मग सरळ निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा फंड, घ्यावा आणि मोकळे व्हावे. ५० कंपन्या मिळतात आणि खर्चही नगण्य असतो.

आकडेमोड :

ठेवपावती, खर्चाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य आहे. पण निफ्टीत एक तृतीयांशाहून अधिक वजन बँका आणि वित्तीय सेवांचे आहे, हेही लक्षात घ्यावे. १७ जानेवारी २०२४ रोजी तिमाही निकालांनंतर एचडीएफसी बँकेचा शेअर आठ टक्क्यांहून अधिक पडला, तेव्हा बँक निफ्टी चार टक्क्यांहून अधिक घसरला आणि निफ्टीही त्याच्यामागे ओढला गेला. ५० नावे असली तरी वजन काही मोजक्या नावांतच एकवटलेले असते.

कृष्णाकाठ :

मी गणिताचा माणूस नाही, पण बरीच वर्षे शेअर बाळगून आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. सहसंबंधाचा आकडा हा परिणाम आहे. कारण ठाऊक नसेल तर त्या आकड्याचा उपयोग होत नाही. कोणत्या एका बातमीने आपले किती शेअर एकाच दिवशी पडतील, असे स्वतःला विचारून पाहावे. चार शेतांत चार पिके असली तरी पाणी एकाच विहिरीचे असेल, तर विहीर आटल्यावर चारही पिके जातात. शेअरांचेही तसेच आहे.

कच्चे तेल महागले की रंग, टायर आणि विमान कंपन्या यांच्या खर्चावर एकाच वेळी ताण येतो. बाजारात ही तीन वेगळी क्षेत्रे मानली जातात. पण एशियन पेंट्स, एमआरएफ आणि इंडिगो यांना जोडणारा धागा कच्चे तेल हाच आहे. तेल काढणाऱ्या ओएनजीसीला मात्र तीच बातमी बहुधा मानवते. व्याजदर वाढले की वित्त कंपन्या, घरबांधणी आणि वाहने हे तिन्ही व्यवसाय कर्जाच्या हप्त्यावर चालत असल्याने एकत्र दबतात. मुळामुठा यांच्या यादीतले बजाज फायनान्स, मारुती आणि अल्ट्राटेक या दृष्टीने तपासून पाहावेत.

मालकी हे आणखी एक कारण असते. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले, त्या दिवशी सेन्सेक्स सहा टक्क्यांच्या आसपास पडला. मात्र सरकारी बँका, सरकारी वीज कंपन्या आणि संरक्षण साहित्य बनवणाऱ्या सरकारी कंपन्या त्याहून कितीतरी अधिक पडल्या. बँक, वीज आणि शस्त्रसामग्री या धंद्यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध इतकाच की त्यांचा मालक एकच आहे आणि धोरण बदलेल ही भीतीही एकच होती. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हर आणि नेस्ले चढले होते. तसेच २४ जानेवारी २०२३ रोजी हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा गैरव्यवहाराचे आरोप करणारा अहवाल आल्यानंतर अदानी समूहाच्या बंदर, वीज, गॅस, खाद्यतेल आणि सिमेंट अशा सर्व कंपन्या एकत्र घसरल्या. समूहाने आरोप फेटाळले, पण ज्याने या पाच व्यवसायांत पैसे विभागून ठेवले होते त्याच्या पोर्टफोलिओत त्या आठवड्यात विविधता उरली नव्हती. आधीच्या तीन वर्षांचा तक्ता पाहून हे कोणाला कळले असते, असे मला वाटत नाही.

मुळामुठा :

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून मी यादी पुन्हा चाळली आणि क्षेत्रांऐवजी कारणे लिहून काढली. व्याजदर, डॉलर आणि अमेरिकेतील मागणी, कच्चे तेल, ग्रामीण खर्च आणि सरकारी भांडवली खर्च अशी पाच शीर्षके झाली. पहिल्या दोन शीर्षकांखालीच दोन तृतीयांशाहून अधिक रक्कम बसली.

एक तांत्रिक शंका आहे. माझ्या तक्त्यात रिलायन्सचे बहुतेक सगळ्या कंपन्यांशी असलेले आकडे विचित्रपणे लहान आले आहेत. इतकी मोठी कंपनी बाजाराशी इतकी कमी जोडलेली असेल का?

नोंदवही :

मुळामुठा, तुम्ही भाव कुठून घेतलेत? एक्स्चेंजच्या रोजच्या भावपत्रकातून घेतले असतील तर ते बोनस आणि विभाजन (एका शेअरचे अनेक शेअर करणे) यांसाठी दुरुस्त केलेले नसतात. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट दिला; त्याची रेकॉर्ड डेट २८ ऑक्टोबर २०२४ होती. त्यामुळे कच्च्या भावात त्या महिन्यात शेअर निम्म्यावर आल्यासारखा दिसतो. भागधारकाचे काहीच नुकसान झालेले नसते, पण तुमच्या रकान्यात उणे ५० टक्क्यांच्या आसपासचा एक परतावा घुसतो आणि ३६ महिन्यांतला तो एकच आकडा सगळे सहसंबंध बिघडवून टाकतो. तुमच्या कालावधीत ज्यांचे बोनस किंवा विभाजन झाले असेल त्या इतर कंपन्याही तपासाव्यात. विप्रोसारख्यांचेही २०२४ मध्ये झाले होते.

दुसरी गोष्ट, सहसंबंध भावांचा काढला आहे की परताव्यांचा? वाढत्या बाजारात वर जाणाऱ्या कोणत्याही दोन भावांचा सहसंबंध ०.९ च्या आसपास येऊ शकतो, कारण दोन्ही रेषा वर जात असतात, इतकेच. जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच अशा फसव्या सहसंबंधांची उकल केली होती. आधी प्रत्येक महिन्याचा टक्केवारीतला बदल काढावा आणि मगच एक्सेलचे सूत्र त्या बदलांवर चालवावे.

तिसरी बाब छोट्या कंपन्यांची. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी असते किंवा जो वारंवार सर्किटला (दिवसाच्या चढउताराच्या ठरलेल्या मर्यादेला) अडकतो, त्याचा भाव बाजाराची बातमी एकदोन दिवस उशिरा दाखवतो. रोजच्या आकड्यांवरून त्याचा सहसंबंध कृत्रिमपणे कमी दिसतो आणि आपल्याला मोठा वैविध्यपूर्ण शेअर सापडल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी साप्ताहिक किंवा मासिक परतावेच घ्यावेत.

मुळामुठा :

भावपत्रकातूनच घेतले होते. परतावेच काढले आहेत, पण बोनसची दुरुस्ती केलेली नाही. आज रात्री करतो.

आकडेमोड :

नोंदवही यांनी फार महत्त्वाचे सांगितले. त्यात एक भर घालतो. आकडे शुद्ध असले तरी ते थोडे आहेत. ३६ महिन्यांच्या परताव्यांवरून एखाद्या जोडीचा सहसंबंध ०.३ आला, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेत तो खरोखर शून्याच्या जवळ असू शकतो किंवा ०.५७ सुद्धा असू शकतो. आणि २२ कंपन्यांच्या अशा २३१ जोड्या होतात. त्यांतल्या काही जोड्या निव्वळ योगायोगाने लहान आकडे दाखवणारच. आपण नेमक्या त्याच निवडून गुंतवणूक केली, तर पुढच्या तीन वर्षांत ते आकडे सरासरीकडे सरकल्यावर निराशा पदरी पडते. म्हणून एकेका जोडीला वजन न देता गटांचे आकडे पाहावेत. बँका आपापसात ठळकपणे जोडलेल्या आहेत, हे विधान विश्वासार्ह आहे. सन फार्मा आणि टायटन यांच्यात ०.१८ आहे की ०.२६, यावर कोणताही निर्णय बेतू नये.

जुना_बँकर :

या चर्चेत एक बोचरी बाब अजून कोणी स्पष्टपणे मांडलेली नाही, म्हणून लिहितो. विविधीकरणाची खरी गरज ज्या दिवशी असते, त्याच दिवशी हे सगळे सहसंबंध १ या आकड्याकडे धाव घेतात.

जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये दिवसाच्या व्यवहारांत ८,००० च्या खाली आला होता. त्या वर्षात सिमेंट, बांधकाम, बँका, धातू आणि वाहने यांतले काय वाचले? कमीअधिक प्रमाणात सगळेच बुडाले. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, कोसळला. त्या दिवशीही क्षेत्र पाहून कोणाची सुटका झाली नाही. कारण साधे आहे. परदेशी संस्थांना पैसे काढायचे असतात, उधारीवर शेअर घेतलेल्यांना मार्जिन (उधारीपोटी ठेवायची रक्कम) भरायचे असते आणि अशा वेळी जे विकले जाईल ते विकले जाते. चांगली कंपनी तर आधी विकली जाते, कारण तिला गिऱ्हाईक असते.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचे असेच झाले. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे दोन नोबेलविजेते होते. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक बाजारांत त्यांनी पैसे विभागले होते. रशियाने ऑगस्टमध्ये कर्जफेड थांबवल्यावर ते सगळे व्यवहार एकाच दिशेने बुडाले आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने १४ वित्तसंस्थांना सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतावे लागले. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी चांगले तक्ते होते. त्यामुळे शांत काळातल्या सहसंबंधावर विसंबून कोणी अधिक जोखीम उचलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मांडवीकाठ :

जुना_बँकर, तुम्ही दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. लाँगिन आणि सोल्निक यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशोदेशींच्या शेअर बाजारांचे सहसंबंध मोठ्या घसरणीत वाढतात, पण मोठ्या तेजीत तसे वाढत नाहीत, असे दिसले होते. ही सगळी गोष्ट शेअर विरुद्ध शेअर अशी आहे. शेअरांच्या बाहेर पाहिले की चित्र बदलते.

आपल्याकडे सोन्याला एक वेगळे अंग आहे. भारतीय बाजार पडतो तेव्हा बहुधा परदेशी संस्था शेअर विकून डॉलर बाहेर नेत असतात. त्यामुळे रुपया घसरतो आणि सोन्याचा डॉलरमधला भाव जागेवर राहिला तरी रुपयांतला भाव चढतो. २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात ५० टक्क्यांहून अधिक पडला, डॉलर ४० रुपयांच्या आतून ४८ रुपयांच्या पुढे गेला आणि रुपयांतले सोने वर्षअखेरीस वधारलेले होते. २०१३ मध्ये सोने डॉलरमध्ये चांगलेच पडले, पण त्याच ऑगस्टमध्ये रुपया ६८ च्या पुढे गेल्याने आपल्याकडची घसरण सौम्य राहिली. या नात्यामागे निव्वळ योगायोग नाही, एक यंत्रणा आहे; म्हणून मला त्यावर अधिक भरवसा वाटतो. मार्च २०२० मध्ये जगभर रोकड गोळा करण्याच्या घाईत सोनेही काही दिवस विकले गेले, हे खरे आहे. तरी ते शेअरांपेक्षा फार कमी पडले आणि लवकर सावरले.

दुसरीकडे पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतली मुदत ठेव यांचा शेअर बाजाराशी सहसंबंध व्यवहारात शून्यच आहे. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि बाजार कोसळला म्हणून तो त्या दिवशी हलत नाही.

ट्रेंटनकर :

मांडवीकाठ, शेअरांच्या बाहेर गेलो की सुटलो, असे मात्र समजू नये. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईमुळे फेडरल रिझर्व्हने वेगाने दर वाढवले आणि शेअर व कर्जरोखे दोन्ही एकाच वर्षी दोन आकडी टक्क्यांनी पडले. ६० टक्के शेअर आणि ४० टक्के कर्जरोखे हा इथे अमेरिकेत निवृत्तीसाठीचा पिढ्यान्पिढ्या चालत आलेला सल्ला आहे. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी निवृत्तीखात्याचे त्या वर्षीचे विवरणपत्र उघडले, तेव्हा दोन्ही रकाने उणे होते. त्याआधीची सुमारे वीस वर्षे दोहोंचा सहसंबंध बहुतेक काळ ऋण राहिला होता, कारण तेव्हा भीती मंदीची असे. २०२२ मध्ये भीती महागाईची होती, आणि महागाई दोघांनाही मारते. कृष्णाकाठ म्हणतात तेच यातून दिसते. कारण बदलले की सहसंबंध बदलतो.

भारतातल्या आयटीबद्दलही लिहितो. त्याच २०२२ मध्ये निफ्टी सुमारे चार टक्क्यांनी वाढला, तर निफ्टी आयटी निर्देशांक सुमारे एक चतुर्थांश घसरला. या कंपन्यांची नोंदणी मुंबईत असली तरी त्यांची गिऱ्हाइके आमच्याकडे आहेत. त्यामुळे नॅसडॅकचा (तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेल्या अमेरिकी निर्देशांकाचा) फंड घेऊन आयटीच्या जोखमीपासून दूर गेलो, असे मुळामुठा यांनी मानू नये. शिवाय रोजच्या आकड्यांवरून निफ्टी आणि नॅसडॅक यांचा सहसंबंध काढल्यास तो फसवा लहान येतो, कारण तुमचा बाजार बंद झाल्यावर आमचा उघडतो. साप्ताहिक आकडे घ्यावेत.

नोंदवही :

कर्जरोख्यांबाबत भारतातले उदाहरणही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या कंपनीची देणी थकली, तेव्हा वित्त कंपन्यांचे शेअर आणि त्या गटाचे रोखे असलेल्या डेट फंड योजना या दोहोंना एकाच कारणाने फटका बसला. कमी पतीचे रोखे संकटकाळी शेअरसारखे वागतात. सरकारी रोखे, बँकेतली ठेव आणि लघुबचत यांचे वागणे त्यांच्यापेक्षा वेगळे असते.

चिंचवडगाव :

माझा मुद्दा छोटा आहे, पण मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मुळामुठा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि त्यांच्याकडे आयटीचे पाच शेअर आहेत. त्यांचा पगारही त्याच डॉलरवर आणि अमेरिकेतल्या त्याच मागणीवर अवलंबून आहे. त्यांनी हिंजवडीत घर घेतले असेल, तर भाडे आणि घराची किंमतही त्यातच आली. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, ओळखीचे म्हणून वाहन कंपन्यांचेच शेअर आणि घराचा हप्ता, असे कितीतरी जण आहेत. २०१९ मध्ये वाहनविक्री मंदावली तेव्हा कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, ओव्हरटाइम बंद झाला आणि त्याच महिन्यांत शेअरही पडलेले होते. घरात पैशाची गरज पडली तेव्हा तोट्यात विकण्यावाचून मार्ग नव्हता. तक्ता करायचाच असेल, तर पगार हा त्यातला पहिला रकाना असावा.

सई_रत्नागिरी :

चिंचवडगाव यांच्याशी पूर्ण सहमत.

म्युच्युअल फंडांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून एक अनुभव सांगते. माझ्या आईला तिच्या बँकेतल्या अधिकाऱ्याने निवृत्तीच्या रकमेतून पाच वेगवेगळ्या फंडघराण्यांच्या लार्ज कॅप योजना घेऊन दिल्या आणि 'पाच ठिकाणी विभागले आहे, काळजी नको' असे सांगितले. बाजार नियामक सेबीच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार लार्ज कॅप योजनेला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावी लागते. मी पाचही योजनांची मासिक यादी समोरासमोर ठेवली, तेव्हा प्रत्येकीत वरच्या दहांतली बहुतेक नावे तीच निघाली. आईने पाच वेळा जवळपास एकच पोर्टफोलिओ विकत घेतला होता आणि पाच वेळा खर्च भरत होती. मला त्या अधिकाऱ्याच्या हेतूपेक्षा त्याच्या तोंडच्या 'विभागले आहे' या शब्दांचा राग आला, कारण आईने त्यांवर निश्चिंत होऊन रक्कम आणखी वाढवली होती.

एकलव्य_४२ :

मला हा सगळा विचारच अति वाटतो. ज्या कंपन्या आपण नीट अभ्यासल्या आहेत अशा सहासात कंपन्या घ्याव्यात आणि दहा वर्षे थांबावे. चढउतार म्हणजे जोखीम नव्हे. कंपनी बुडणे ही जोखीम आहे, आणि ती अभ्यासाने टळते.

जुना_बँकर :

एकलव्य, दहा वर्षे थांबता येईल की नाही, हे आपल्या हातात नसते. मुलाचे शिक्षण, आजारपण किंवा नोकरी जाणे यांतले काहीही मध्येच येऊ शकते, आणि तेव्हा भाव किती पडलेला आहे हाच प्रश्न उरतो. अभ्यासाबद्दल बोलायचे तर मी कर्जविभागात होतो. ज्यांचे ताळेबंद आम्ही ओळीओळीने वाचले होते अशा कंपन्याही बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. ताळेबंदात जे लिहिलेले नसते, त्याचा अभ्यास बाहेरच्याला करता येत नाही.

एकलव्य_४२ :

लेखी नसलेल्या गोष्टींबाबत तुमचा मुद्दा मान्य आहे. तरीही २२ कंपन्यांचे तिमाही निकाल कोणी नोकरदार मन लावून वाचू शकतो, असे मला वाटत नाही, आणि न वाचता बाळगलेल्या कंपनीला मी विविधीकरण म्हणणार नाही.

मुळामुठा :

रिलायन्सचे आकडे दुरुस्त केल्यावर ते बाजाराशी चांगलेच जोडलेले निघाले. नोंदवही, आभारी आहे. एकलव्य यांचा शेवटचा मुद्दाही मला पटतो, कारण पाचही बँकांचे निकाल मी वाचत नाही. वित्त क्षेत्रातल्या तीन, आयटीतली एक आणि बाकीच्या दहा अशा १४ कंपन्या समान रकमेने ठेवल्या, तर खरोखर किती फरक पडेल? आणि इतके विकायचे तर कराचे काय?

सई_रत्नागिरी :

२३ जुलै २०२४ पासून शेअर एक वर्षाहून अधिक काळ बाळगून विकल्यास वर्षाला १.२५ लाख रुपयांपलीकडच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि त्याआधी विकल्यास २० टक्के. त्यामुळे एका झटक्यात विकण्यापेक्षा दरवर्षीची सवलत वापरत टप्प्याटप्प्याने विकावे, आणि नव्या बचतीचा पैसा बँका व आयटी यांत न घालता इतरत्र वळवावा.

आकडेमोड :

मुळामुठा, ढोबळ हिशेब करून देतो. आकडे मानलेले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. प्रत्येक शेअरचा चढउतार ३० टक्के, एकाच गटातल्या दोन शेअरांचा सहसंबंध ०.७ आणि इतर सर्व जोड्यांचा ०.३ धरला. वित्त गटात ३५ टक्के, आयटीत ३० आणि उरलेल्या दहांत ३५ टक्के अशी तुमची आजची मांडणी घेतली, तर एकूण चढउतार सुमारे १९.१ टक्के येतो. तुम्ही म्हणता त्या १४ कंपन्यांच्या समान मांडणीत तो १८.१ टक्के येतो. म्हणजे आठ कंपन्या कमी करूनही जोखीम वाढत नाही, एका टक्क्याने घटते. वजने समान ठेवण्यालाही आधार आहे. डीमिगेल, गार्लापी आणि उप्पल यांच्या २००९ च्या अभ्यासात इष्टतम वजने काढणाऱ्या गुंतागुंतीच्या पद्धतींना समान विभागणीवर सातत्याने मात करता आली नव्हती. मुख्य कारण मी आधी सांगितले तेच होते, सहसंबंधांचे अंदाज कच्चे असतात.

पण आता दुसरा हिशेब पाहा. २२ कंपन्या जशा आहेत तशाच ठेवल्या आणि एकूण रकमेचा चौथा भाग पीपीएफ किंवा ठेवीसारख्या, शेअरांशी संबंध नसलेल्या जागी नेला, तर चढउतार १९.१ वरून १४.३ टक्क्यांवर येतो. शेअरांतली फेररचना करून एक टक्का मिळाला, शेअरांबाहेर चौथा भाग नेऊन जवळपास पाच टक्के मिळाले. दीर्घ मुदतीत अपेक्षित परतावाही त्या प्रमाणात कमी होतो, ती त्याची किंमत आहे आणि ती ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे ठरवावी. जुना_बँकर यांनी सांगितलेल्या पडझडीच्या दिवशी ०.३ आणि ०.७ हे दोन्ही आकडे १ कडे सरकतील आणि पहिला फायदा त्या दिवसापुरता नाहीसा होईल; दुसरा मात्र शाबूत राहील.

मुळामुठा :

हा दुसरा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझा भविष्य निर्वाह निधी मी आजवर गुंतवणुकीत धरलाच नव्हता. तो धरला तर चौथा भाग आताच भरून निघतो. मग शेअरांबाहेर आणखी काही करण्याची गरज आहे का?

चिंचवडगाव :

आहे. निर्वाह निधी हिशेबात जरूर धरा, पण तो हाताशी असतोच असे नाही. नोकरी गेली आणि त्याच महिन्यात बाजारही पडलेला असला, तर निर्वाह निधीच्या अर्जाचे काम मार्गी लागेपर्यंत घराचा हप्ता थांबत नाही. तुमच्या बाबतीत ही दोन्ही संकटे एकाच कारणाने येऊ शकतात, म्हणून घरखर्च आणि हप्ता मिळून निदान सहा महिन्यांची रक्कम बँकेत किंवा लिक्विड फंडात वेगळी ठेवा आणि ती या चौथ्या हिश्श्यात मोजू नका. आयटीचे पाच शेअर टप्प्याटप्प्याने कमी करणारच आहात, तर पहिल्या वर्षी विकलेल्यांचे पैसे तिथेच वळवा.